मोजून तीन पेले

शनिवार म्हणजे धुलाईच्या दुकानात मरणाची घाई. मागच्या खोलीत दोन मशीनं घरघरत होती, मधल्या खोलीत इस्त्रीची तीन टेबलं तापली होती. पुढच्या दालनात गिऱ्हाइकांचे गठ्ठे तोलायचा लोखंडी काटा होता. त्या सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी त्याच्यावर चादरी नव्हत्या, मालकिणीची सून उभी होती.

आठवा महिना लागलेली बाई, अनवाणी, कारण चपलेचं वजन धरायचं नसतं. तोल जाऊ नये म्हणून तिने भिंतीवर हात टेकला होता, तोही सासूने काढायला लावला. भिंतीला टेकलं की काटा खोटं बोलतो म्हणे. काट्याच्या खरेपणाची एवढी काळजी घेणारं घर दुसरं सापडायचं नाही.

सासूला सगळा बाजार मुकादमीण म्हणायचा. हे नाव कुणी प्रेमाने दिलेलं नव्हतं आणि तिनेही ते रागाने घेतलेलं नव्हतं. नवऱ्यामागे तिने एकटीने हे दुकान उभं केलं, वाढवलं, तीन हॉटेलांच्या चादरी मिळवल्या. बाई कष्टाळू होती यात वादच नाही. पण कष्टाळू माणूस शहाणाही असतो, असं कुणी ठरवलं?

"साडेएकाहत्तर!" मुकादमीण ओरडली. "मागच्या शनिवारी किती होतं गं?"

हा प्रश्न लेकीला होता. लेक चौथ्या महिन्याची, चार दिवसांपूर्वीच आईकडे राहायला आलेली. बाळंतपण इथेच करायचं ठरलं होतं. "तूच म्हणालीस अडुसष्ट," ती म्हणाली.

"साडेतीन किलो? आठवड्यात? मोजून तीन पेले पाणी देतेय मी, आणि ही साडेतीन किलो चढते? हवा खाऊन फुगलीस का गं?"

"आई, मी जास्तीचं काही..."

"कुठल्या नळाला तोंड लावलंस ते सांग."

या घराची एक रीत होती. सातवा सरला की घरातल्या पोटुशीचं पाणी तोडायचं. सकाळी एक पेला, दुपारी एक, संध्याकाळी एक. जेवण अळणी. दर शनिवारी काट्यावर उभं करायचं, आणि वजन जास्त भरलं की पेले कमी करायचे. मुकादमिणीला हे तिच्या सासूने शिकवलं होतं आणि त्या सासूला तिच्या सासूने. धुलाईवाल्यांच्या घरातली ही अक्कल. ओला गठ्ठा जड असतो, पिळला की हलका होतो. बाईचे पाय सुजले म्हणजे बाई ओली झाली, तर तिलाही पिळा! तीन पिढ्यांत एकाही माणसाला वाटलं नाही, की अरे, ही चादर नाही.

शरीराचं म्हणणं वेगळं असतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पोटात मूल वाढू लागलं की आईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. त्यासाठी शरीर पाणी आणि मीठ मुद्दाम राखून ठेवतं. रक्तवाहिन्या सैलावतात, मधल्या महिन्यांत रक्ताचा दाब जरा उतरतो, संध्याकाळी घोटे सुजतात. यात आजार म्हणावा असं काही नाही, आणि तहान लागली की पाणी प्यावं एवढीच त्या शरीराची मागणी असते. पण एखादीच्या बाबतीत, आणि ती कोण हे आधी सांगता येत नाही, सैलावलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा आवळतात. दाब चढतो. त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरून मांसात साचतं. बाई बाहेरून फुगते आणि आतून कोरडी पडते. वजन भराभर चढतं, चेहरा सुजतो, डोकं ठणकतं. हे वेळेत ओळखायला दंडाला पट्टा बांधून दाब बघायचा आणि लघवी तपासायची. पाच मिनिटांचं काम आहे.

ही सून चौथ्या महिन्यात एकदा प्रसूतिगृहात गेली होती. दाब शंभर-साठ होता. 'दर महिन्याला ये, पाणी पीत जा,' असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या. सुनेने ते भोळेपणाने घरी सांगितलं, आणि तिथेच तिचं जाणं बंद झालं.

"पाणी पाजून पाजून फुगवतात आणि मग पोट फाडतात," मुकादमिणीने निकाल दिला. नवऱ्याने मान हलवली. हा नवरा दुकानाचा टेंपो चालवायचा, कपडे आणायचा, पोहोचवायचा, आणि घरात आईचे निकालही तसेच पोहोचवायचा. माणूस वाईट नव्हता. असल्या माणसांबद्दल लोक एवढंच म्हणतात, आणि त्यांच्या हातून काय काय घडतं ते कुणी बोलत नाही.

त्या शनिवारी काट्यावरून उतरवल्यावर सुनेच्या हातावर एक गोळी पडली. ती गोळी मुकादमिणीची होती. तिला स्वतःला दाबाचा त्रास होता, आणि डॉक्टरांनी तिला लघवीवाटे पाणी काढायची गोळी लिहून दिली होती. बुधवारपासून त्यातली अर्धी सुनेला सुरू होती. आज अख्खी.

"ही घे, आणि आज दोनच पेले. बघू कशी चढतेस."

सुनेने गोळी कोरडीच गिळली. गोळीसोबतचं पाणी पेल्यात धरतात हे तिला ठाऊक होतं.

मग ती इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. मधल्या खोलीत खिडकी एकच, आणि वाफ एवढी की भिंतीचा रंग पोपडे धरून सुटलेला. तीन दिवसांपासून तिचं डोकं कपाळापासून मानेपर्यंत ठणकत होतं. ओठांची सालं निघत होती. बोटातली अंगठी रुतून बसली होती. तहान कशी असते हे ज्याने चार तास वाट पाहून पाणी प्यायलं त्याला कळत नाही. हिला स्वप्नं पडायची तीसुद्धा नळांची.

आणि ती चोरून पाणी प्यायची, हे खरं आहे. कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली टेबलावर असायची. कुणी बघत नसलं की ती बाटली तोंडाकडे वळवून दोन फवारे मारायची. दोनच, जास्त मारले तर बाटली लवकर रिकामी होऊन दिसली असती. एवढीच तिची चोरी. त्यात साडेतीन किलो बसत नाहीत, हे काट्यावर आयुष्य काढलेल्या बाईला कळायला हवं होतं.

अकराच्या सुमाराला मुकादमीण पावलांचा आवाज न करता आत आली. तिने बाटली सुनेच्या हातातून हिसकावली, ती अशी की नळी ओठाला लागून रक्त आलं.

"चोरटी मेली! माझ्या घरात राहून माझ्या डोळ्यांत धूळ फेकतेस? अरे ये इकडे, बघ तुझी बायको! कपड्यांचं पाणी पिते!"

नवरा आला. त्याने बायकोच्या ओठावरचं रक्त पाहिलं, आईचा चेहरा पाहिला.

"कशाला पितेस गं?" तो म्हणाला. "आई सांगते ते तुझ्या भल्याचंच आहे ना? थोडे दिवस कळ काढ."

"मला फार तहान लागते हो," ती म्हणाली. "आणि डोळ्यांपुढे कसल्यातरी चांदण्या येतात."

"येणारच. पोटात पाणी नि डोक्यात नखरे," सासू म्हणाली. लेकीकडे वळून तिने हुकूम सोडला, "तू इथंच बस. हिच्यावर आणि नळावर, दोन्हींवर लक्ष ठेव."

लेक बसली. चार दिवस तिचं हेच काम होतं. वहिनी केविलवाण्या नजरेने बघायची, आणि ही दुसरीकडे बघायची. आईच्या शब्दाबाहेर जायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर वहिनीची थोडी मजाही वाटत होती. आपल्यावर हीच वेळ तीन-चार महिन्यांनी येणार आहे, हे तिच्या डोक्यात अजून शिरलं नव्हतं.

थोड्या वेळाने जळका वास सुटला. पांढरा स्वच्छ गणवेश, छातीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. सुनेने इस्त्री ठेवली होती ती उभी करायच्या जागेवर. निदान तिला तसं वाटलं होतं.

गणवेश नेमका प्रसूतिगृहातल्या सिस्टरांचा, आणि सिस्टर नेमक्या त्याच वेळी दारात. पंचवीस वर्षं नोकरी झालेली बाई, रात्रपाळी करून आलेली, हातात पिशवी, आणि जिभेला हाड नाही.

"हे काय आहे? उद्या मी काय घालू, पोतं? धुलाईचं दुकान आहे की भट्टी?"

"माझी चूक नाही हो सिस्टरबाई," मुकादमिणीचा आवाज एकदम मऊ झाला, आणि पुढच्याच क्षणी आतल्या दिशेने कडाडला. "ए, बाहेर ये! ज्यांचा कपडा जाळलास त्यांच्यासमोर उभी राहा, आणि तोंडाने सांग!"

सुनेला गिऱ्हाइकांसमोर न येऊ देण्याचा त्या घराचा दोन महिन्यांचा नेम होता. मुकादमिणीने तो रागाच्या भरात स्वतःच मोडला. पाणउतारा करायची संधी सोडवेना.

सून दारात आली. पापण्या सुजून डोळे बारीक झालेले, गाल टम्म, चालताना पायांत भार भरल्यासारखी.

"चुकलं," ती म्हणाली. "मला इस्त्रीचं टोक दिसलं नाही. मधेच सगळं पांढरं होतं."

"ऐका! आता आंधळीही झाली!"

जळका गणवेश सिस्टरांच्या हातातून टेबलावर कधी पडला ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी सुनेला हात धरून खुर्चीवर बसवलं, खाली वाकून नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला.

"डोकं दुखतं?"

"बुधवारपासून."

"इथे, उजव्या बरगडीखाली?"

"सकाळपासून. खूप."

"तू चौथ्या महिन्यात आली होतीस माझ्याकडे. मग कुठे मेलीस गं इतके दिवस?" हे म्हणताना सिस्टरांच्या हातांनी पिशवीतलं दाब मोजायचं यंत्र काढून पट्टा बांधलाही होता. त्यांनी हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. दुसऱ्यांदाही तेच आलं.

"एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चौदा," त्या म्हणाल्या. "हिला आत्ताच्या आत्ता न्यायला हवं. टेंपो आहे ना दारात? काढा."

"कशाला?" मुकादमीण काट्याला टेकून उभी होती. "पाणी धरलंय अंगाने. मी गोळी दिलीय, उतरेल."

"कसली गोळी?"

तिने सांगितलं. अभिमानाने सांगितलं, तीन पेल्यांसकट.

सिस्टरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अहो, रक्तातलं पाणी बाहेर झिरपून ती सुजलीय, आत काही उरलेलं नाही! पिळून कोरडी झालेल्या बाईला तुम्ही आणखी पीळ देताय? तिला कुठल्याही क्षणी झटका येईल. मूल जाईल, ती जाईल. ऐकू येतंय का?"

"आमच्या घरात तुम्ही शहाणपण शिकवू नका. गणवेश जळला, त्याचा दुसरा भरून देते, विषय संपला. आमच्या घरात बाळंतपणं झाली नाहीत का?"

सिस्टरांनी तिच्याकडे पाठ केली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही बोला. बायको तुमची आहे. दहा मिनिटांचा रस्ता आहे."

दहा मिनिटं. टेंपोची किल्ली त्याच्या खिशात होती. त्याने आईकडे पाहिलं.

"बाराच्या आत हॉटेलात चादरी गेल्या नाहीत तर ते गिऱ्हाईक सुटेल," आई म्हणाली. "आधी त्या टाकून ये. मग बघू."

"मी... वीस मिनिटांत आलो," तो म्हणाला. "पोहोचवतो आणि लगेच नेतो. वीस मिनिटांनी काय होतंय?"

सिस्टर त्याच्या मागे धावल्या, टेंपोच्या दारावर हात आपटला. टेंपो गेला. धुतलेल्या, कडक इस्त्रीच्या, घडी घातलेल्या शंभर चादरी वेळेवर पोहोचल्या, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

सिस्टरांनी फोन करून रुग्णवाहिका बोलावली. पलीकडून उत्तर आलं, अर्धा तास लागेल. त्या आत आल्या तेव्हा सून छताकडे बघत होती.

"वहिनी?" नणंद म्हणाली. "वहिनी, काय झालं?"

सुनेचे डोळे फिरले. मान एका बाजूला ओढली गेली, दातखीळ बसली, आणि सगळं अंग ताठ होऊन हिसके देऊ लागलं. सिस्टरांनी तिला खुर्चीवरून खाली घेतलं, डाव्या कुशीवर वळवलं, खुर्ची पायाने दूर ढकलली. मुकादमीण चमचा घेऊन धावली आणि सुनेच्या दातांत घालू लागली. सिस्टरांनी तो हात एवढ्या जोरात झटकला की चमचा खोलीभर घरंगळला.

"लांब व्हा! एक पाऊलही पुढे येऊ नका!"

नणंद भिंतीला चिकटून उभी राहिली. फेस, त्यात रक्त, जमिनीवर आपटणारी टाच. आणि त्या सगळ्याच्या मध्ये ते मोठं पोट, ज्याच्या आत एक जीव होता आणि त्याला काहीच विचारलं गेलं नव्हतं. तिचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर गेला.

झटका दोन मिनिटं टिकला. रुग्णवाहिका चाळीस मिनिटांनी आली. तिच्यामागोमाग टेंपोही आला, रिकामा.

प्रसूतिगृहात सुनेला झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, दाब उतरवायचं औषध दिलं आणि पोट उघडून मूल बाहेर काढलं. मुलगी. सव्वा किलोची. काचेच्या पेटीत तिने दोन दिवस आणि दोन रात्री श्वास घेतला. सोमवारी सकाळी थांबवला.

आईने तिला एकदाच पाहिलं. चाकाच्या खुर्चीतून नेलं तेव्हा, काचेतून. मुलीची बोटं बापासारखी होती, लांब.

सोमवारी दुपारी वॉर्डात सगळी जमली. सून पलंगावर, तोंडाची सूज थोडी उतरलेली. पायथ्याशी नवरा, दोन्ही हातांत डोकं धरून. तो एकदा म्हणाला होता, "मला वाटलं वीसच मिनिटं..." आणि तिने मान भिंतीकडे फिरवली होती. खिडकीशी नणंद. आणि स्टुलावर ताठ बसलेली मुकादमीण.

सिस्टर आल्या. सलाईनच्या बाटलीत किती उरलंय ते पाहिलं, लघवीच्या पिशवीवरची रेघ पाहिली, दोन्ही आकडे पलंगाच्या कागदावर लिहिले.

मुकादमिणीला हेच हवं होतं. ती शेजारच्या पलंगालाही ऐकू जाईल अशी बोलली. "बघितलंत? इथंसुद्धा मोजूनच देतात! तासाला किती गेलं, किती आलं. मी मोजलं तर मी राक्षसीण, आणि ह्यांनी मोजलं की उपचार!"

सिस्टरांनी पेन खिशाला लावलं.

"मोजतो," सिस्टर म्हणाल्या. "मोजावंच लागतं. या आजारात जास्त सोडलं तर छातीत पाणी होतं, कमी पडलं तर मूत्रपिंडं बंद पडतात. म्हणून दाब बघून, रक्त तपासून, तासातासाला मोजतो. तुम्ही काय बघितलंत? काटा."

"काटा खोटा नव्हता माझा."

"नव्हताच! तुमच्या घरात एकटा तोच खरं बोलत होता. एका आठवड्यात साडेतीन किलो! तेवढंच कुणी आम्हाला येऊन सांगितलं असतं तर मी धावत आले असते. काटा ओरडून सांगत होता की ही आजारी आहे, आणि तुम्ही तिला चोर ठरवलंत."

"म्हणजे माझ्या पाण्यापायी पोर गेली म्हणायचं तुम्हाला?"

"तसं मी म्हणणार नाही. तुम्हाला गप्प करायला खोटं बोलायची मला गरज नाही. भरपूर पाणी पिणाऱ्या बाईलाही हा आजार होतो. पण तहानेने तिचे हाल केलेत ते तुम्ही. स्वतःची गोळी दिलीत ती तुम्ही. चौथ्या महिन्यानंतर तिला दाब बघायला पाठवलं नाहीत ते तुम्ही. आधी कळलं असतं तर औषधं दिली असती, हिला इथे ठेवून घेतलं असतं, आणि ती मुलगी पोटात आणखी थोडी वाढली असती. मग कदाचित आज तिला पाजायला आणली असती. कदाचित. तो कदाचित तुम्ही घालवलात."

एवढं ऐकल्यावर एखादी बाई खचली असती. मुकादमीण खचली नाही. खचणं तिला माहीतच नव्हतं.

"मीही तीन पेल्यांवर काढलंय," ती म्हणाली. "माझ्या सासूने तर शेवटी दोनच दिले. जीभ टाळ्याला चिकटायची माझी. मी ओल्या चादरी तोंडात धरून चोखल्यात! मग मी मेले का? बसलेय ना तुमच्यासमोर धडधाकट?"

"तुम्ही नाही मेलात, आई."

हा आवाज सुनेचा होता. शनिवारनंतर ती पहिल्यांदाच एवढं बोलत होती, आणि आवाज इतका बारीक की सगळ्यांना श्वास धरावा लागला.

"तुमची पहिली मुलगी कुठंय?"

त्या घरात हा विषय कुणी काढत नसे. मुकादमिणीला पहिली मुलगी झाली होती, आठव्यातच, आणि ती पाच दिवसांत गेली होती. मुलाला हे ठाऊक होतं, त्याने लग्नानंतर कधीतरी बायकोला सांगितलं होतं. लेकीला ठाऊकच नव्हतं. ती खिडकीशी आईकडे बघत राहिली.

"ती... अशक्त होती," मुकादमीण म्हणाली.

"माझीही अशक्तच होती," सून म्हणाली.

मुकादमिणीने स्टुलाची कड घट्ट धरली. क्षणभर वाटलं, आता ही बाई रडेल, आता सुनेचा हात हातात घेईल, आता म्हणेल की मलाही असंच तहानेने मारलं होतं. पण तिने ते सगळं गिळलं. तहान गिळायची सवय जिला लागली तिला बाकी सगळंही गिळता येतं. ती उठली.

"तोंड सुटलंय तुझं," ती सुनेला म्हणाली, आणि लेकीकडे वळली. "चल गं. दुकान उघडं टाकून आलोय."

लेक उठली, पण आईकडे गेली नाही. वहिनीच्या पलंगाशी गेली.

"गुरुवारी तू माझ्याकडे पाणी मागितलंस," ती म्हणाली. "मी म्हटलं, आईला विचार. मग आईने तुला सगळ्यांसमोर झाडलं, आणि मी हसले."

वहिनीने क्षमा वगैरे काही केली नाही, आणि का करावी?

नणंदेने डोळे पुसले, बाही खांद्यापर्यंत वर केली आणि सिस्टरांसमोर दंड धरला.

"माझा दाब बघा."

"तुला काय धाड भरलीय?" आई ओरडली. "चौथाच तर चालू आहे! काही झालंय का तुला?"

"काही झालेलं नाही. म्हणूनच आत्ता बघायचा."

सिस्टरांनी पट्टा बांधला. हवा भरण्याचा फसफस आवाज सगळ्या वॉर्डाने ऐकला. शेजारच्या पलंगावरची बाई कोपरावर उठून बघू लागली.

"एकशे दहा, खाली सत्तर. उत्तम आहे," सिस्टर म्हणाल्या. "चार आठवड्यांनी परत यायचं."

"येईन. दर महिन्याला येईन, आणि बाळंतपण इथंच करीन." मग ती आईकडे वळली. "मी आज माझ्या घरी जाते. तुझ्याकडे राहणार नाही."

"आणि लोकांना काय सांगू? पोटुशी लेक आईच्या घरातून निघून गेली म्हणून? तोंड काळं करशील का माझं?"

"काही बनवून सांगू नकोस. का गेली, ते सांग."

मुकादमीण दारापर्यंत गेली. तिथे थांबून तिने मुलाला हाक मारली, रोजच्यासारखीच, मान न वळवता. "चल रे, टेंपो काढ."

तो पलंगाच्या पायथ्याशी बसला होता. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. बहीण बघत होती, सिस्टर बघत होत्या, सगळा वॉर्ड बघत होता. त्याने खिशात हात घालून किल्ली काढली आणि कितीतरी वेळ ती हातात धरून ठेवली. मग ती आईकडे नेऊन दिली, आणि परत येऊन बसला.

"मला टेंपो चालवता येत नाही," मुकादमीण म्हणाली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.